घरच्या पीसीवर रजिस्ट्री क्लीनर वापरू का? १,४१२ एरर दाखवतोय

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, नका वापरू. पण तुम्ही विचारलंय की विंडोज १० चा घरचा पीसी स्लो झालाय, फ्री क्लीनर टाकला तर त्याने लाल अक्षरात १,४१२ एरर दाखवले, आता "फिक्स ऑल" दाबू का आणि दाबायचंच असेल तर सेफली कसं. म्हणजे हात शिवशिवतोय हे दिसतंय, माझाही शिवशिवायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझा प्रताप ऐका. मामाचं डीटीपीचं छोटं दुकान होतं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं वगैरे. कॉम्प्युटर विंडोज ७ चा, रॅम दोन जीबी, आणि सी ड्राइव्ह इतका भरलेला की मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याने चक्क एक्सटर्नल हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करून घेतलं होतं. रविवारी दुकान बंद, डिस्क मामाच्या घरी, आणि मी भाच्याच्या उत्साहात क्लीनर चालवला. क्लीनरचं काम कसं चालतं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, लिहिलेला पत्ता बघायचा, तिथे फाइल सापडली नाही की नोंद खराब म्हणून टाकायची. डिस्कच लावलेली नाही म्हटल्यावर त्या सॉफ्टवेअरच्या झाडून सगळ्या नोंदी त्याला कचरा वाटल्या. बॅकअप घेऊ का असं त्याने विचारलं होतं हो, मीच "नो" दाबलं, कारण तो प्रत्येक वेळी विचारायचा आणि मला कंटाळा आलेला. सोमवारी सकाळी मामाचा फोन, "अरे हे उघडतच नाहीये, रजिस्टर करा म्हणतंय, काय केलंस तू?" ऐन लग्नसराई. सीडीच्या कव्हरवर की नंबर होता, ते कव्हर दोन दिवसांनी माळ्यावर सापडलं, तोवर पत्रिका शेजारच्या दुकानात गेल्या. आणि कॉम्प्युटर स्लो होता तो स्लोच राहिला, कारण दुखणं रॅमचं आणि भरलेल्या डिस्कचं होतं, रजिस्ट्रीचं नव्हतंच.

आता ते १,४१२ एरर म्हणजे नक्की काय. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि सगळ्या प्रोग्रॅमची सेटिंग लिहून ठेवायची मोठी वही समजा, विंडोज ९५ पासून सगळीकडे तीच आहे, त्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी आयएनआय फाइल असायची. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या चार ओळी मागे राहतात, त्यालाच हे लोक एरर म्हणतात. पण विंडोज ही वही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, हवी ती नोंद तिच्या पत्त्यावर जाऊन उचलते, त्यामुळे इतर पानांवर जुन्या ओळी पडून असल्या तरी तिला काही फरक पडत नाही. आणि आकार बघा, एक नोंद सरासरी २०० बाइट धरली तरी १,४१२ नोंदींचे ३०० केबीसुद्धा होत नाहीत, सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा एखादा फोटो याहून मोठा असतो. शिवाय नोंदी पुसल्या म्हणून रजिस्ट्रीची फाइल लगेच लहान होत नाही, आत नुसती रिकामी जागा राहते.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणंही स्पष्ट आहे, अशा क्लीनरला ते सपोर्ट देत नाहीत आणि त्यातून बिघाड झाला तर विंडोज परत टाकायची वेळ येऊ शकते असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच रेगक्लीन नावाचं टूल दिलं होतं, नंतर मागे घेतलं.

तो लाल आकडा तुम्हाला घाबरवायलाच असतो. अमेरिकेत ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांवर तिथल्या ट्रेड कमिशनने केस केली होती, आरोप असा की दुकानातल्या पीसी तपासणीत सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे, कॉम्प्युटर स्लो झालाय का, पॉप-अप येतात का असले, आणि त्यातल्या एकावर जरी टिक केली तरी तपासणीत काहीही निघो, व्हायरसची लक्षणं सापडली असंच दाखवायचे. २०१९ मधे दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते मिटवलं. मार्च २०१८ पासून तर असं धमकावून पैसे मागणारे क्लीनर विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरसच, काढून टाकतो. तुमच्या क्लीनरने १,४१२ दाखवून वर "फुल व्हर्जन घ्या" म्हटलं असेल तर पुढचं वाचूच नका, अनइन्स्टॉल करा.

तरीही वापरायचाच असेल, म्हणजे एखादा काढलेला प्रोग्रॅम सारखा वर डोकं काढतोय वगैरे खरंच कारण असेल, तर असं करा. क्लीनर त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, क्रॅक केलेला तर अजिबात नको. अर्थात तेवढ्यानेही शंभर टक्के खात्री नसते, २०१७ मधे सीसीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या खऱ्या अधिकृत ५.३३ व्हर्जनमधेच कोणीतरी मालवेअर घुसवलं होतं आणि ते २० लाखांवर कॉम्प्युटरवर गेलं. मग फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज अपडेट अर्धवट असेल तर पूर्ण करून रिस्टार्ट मारा. आणि हे महत्त्वाचं, एक्सटर्नल डिस्क, पेनड्राइव्ह, डोंगल, जे जे कधी लावता ते सगळं लावूनच स्कॅन करा, नाहीतर माझ्या मामासारखं व्हायचं.

त्यानंतर रिस्टोर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग मागच्या स्थितीत नेता येईल अशी खूण. स्टार्टमधे "क्रिएट अ रिस्टोर पॉइंट" टाइप करा, जी खिडकी उघडेल तिथे सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन "ऑन" आहे का बघा, बऱ्याच विंडोज १० वर ते ऑफच असतं आणि लोक समजतात की आपोआप होतंय. ऑफ असेल तर कॉन्फिगरमधे जाऊन ऑन करा, मग क्रिएट दाबून तारखेचं नाव द्या. कोणी म्हणेल विंडोज स्वतः रजिस्ट्रीचा बॅकअप ठेवतं, तर ते पूर्वी ठेवायचं, विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून ते आपोआप होणं बंद झालंय, त्या बॅकअपच्या फोल्डरमधल्या फाइल बघितल्या तर शून्य केबीच्या दिसतात. लॅपटॉप असेल आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, कारण दुरुस्तीच्या स्क्रीनवर गेल्यावर तो तीच मागून बसतो.

स्कॅन झालं की "सिलेक्ट ऑल" काढून टाका. शेअर्ड डीएलएल, अॅक्टिव्हएक्स, कॉम, क्लास असले शब्द असलेल्या नोंदींना हात लावू नका, एक नोंद तीन प्रोग्रॅम वापरत असू शकतात. जो प्रोग्रॅम तुम्ही स्वतः काढलाय आणि ज्याचं नाव तुम्हाला ओळखू येतंय तेवढ्याच नोंदी घ्या, पाच-दहा बास. बॅकअप विचारलं की "येस", बॅकअपची ती रेग फाइल नीट नाव देऊन जपा. मग रिस्टार्ट करा, आठवडाभर प्रिंटर, स्कॅनर, टॅली जे काय वापरता ते सगळं एकदा चालवून बघा, तोवर बॅकअप उडवू नका. काही बिनसलं तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की पुसलेल्या नोंदी परत येतात. विंडोजच सुरू होत नसेल तर सुरू होताना दोन-तीन वेळा पॉवर बटण दाबून धरून बंद करा, मग दुरुस्तीची निळी स्क्रीन येते, तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टिम रिस्टोर.

आणि नुसता अनइन्स्टॉल अडकला असेल तर क्लीनर कशाला, मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर फुकट आहे, तो इन्स्टॉल-अनइन्स्टॉल अडवणाऱ्या बिघडलेल्या नोंदी नीट करतो.

पण तुमची तक्रार स्लोची आहे ना, मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप टॅबमधे नको ते डिसेबल करा. मग परफॉर्मन्समधे बघा, काही न करता डिस्क १०० टक्क्यांवर असेल आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर २५० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका, माझ्या अनुभवात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडलेला नाही. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. ते १,४१२ आहेत तिथेच राहू देत. रॅम किती, डिस्क कुठली आणि सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय एवढं कळवा, मग पुढचं सांगतो.