लोक मुलांचं लसीकरण अर्धवट का सोडतात? आशाताई पैशासाठी मागे लागतात म्हणून का?

दुसरा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी सांगली जिल्ह्यात, विट्याजवळच्या एका गावात आशा आहे. हो, मिळतात पैसे. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की 100 रुपये. त्यावर कुणी माडी बांधलेली मी तरी पाहिली नाही.

लोक अडाणी असतात म्हणून सोडतात, हे मला पटत नाही. माझ्या यादीतली बाळं गळतात ती साडेतीन महिन्यांनंतर. पेंटाचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे, तीन डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला होऊन जातात, कारण बाळंतीण माहेरी असते आणि तिची आईच बाळाला घेऊन येते. पुढची लस थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची. तोवर लेक सासरी गेलेली. माहेरच्या आशेनं नाव खोडलेलं, सासरच्या आशेनं लिहिलेलंच नसतं. त्यात आमच्या खानापूर-आटपाडीतली निम्मी सासरं गलाईवाल्यांची, सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, म्हणजे संसार परराज्यात.

गावातल्या एका लेकीचं सासर असंच, कोईमतूरला. तिसऱ्या पेंटानंतर बाळाला ताप भरला, मांडीला गाठ आली. त्यात डांग्या खोकल्याची लस असते, तिनं असा ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. आम्ही पॅरासिटामॉल देतो, सांगतोही. पण नेमके त्याच दिवशी सासरे बाळ बघायला आलेले. "पोरगं रातभर वरडलं. आता बास, टोचायचं न्हाई." झालं. नववा महिना तिकडं उलटला, कार्ड इकडं आजीच्या ट्रंकेत.

जत्रेला आली तेव्हा पोरगं दीड वर्षाचं. मी घरी गेले तर सासरे सोप्यातूनच म्हणाले, "आली बघा शंभर रुपये पाडायला." अहो, वर्ष उलटून गेलेलं, ते शंभर केव्हाच बुडाले होते! शिवाय "बूथवर पोलिओ पाजलाय की दरवेळी" हे वर. पोलिओच्या थेंबांनी गोवर थांबत नाही, हे सांगून माझा घसा बसलाय. 2022 मध्ये मुंबई, भिवंडीत गोवरानं पोरं दगावली, ती गोष्ट काही जुनी नाही.

सुनेनं ऐकलं. सासरे जत्रेच्या मीटिंगला गेले आणि ती पोराला कडेवर घेऊन आली. तर लसीकरण सत्रावरच्या नर्सबाई म्हणतात, बाहेरचं बाळ आहे, आपल्या टार्गेटमध्ये नाही, एकासाठी लसीची व्हायल (बाटली) कशी फोडू? गोवर-रुबेलाची व्हायल एकदा फोडली की चार तासांनी उरलेले डोस टाकून द्यावे लागतात, हे मलाही कळतं. मी म्हटलं, फोडा, मी बसते इथं. बसलेच. गोवर-रुबेला झाली, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर झाला, पोलिओही झाला. म्हणजे लोकच सोडतात असं नाही, कधीकधी आमचं खातंही सोडतं. हे मासिक बैठकीत बोलले तेव्हा साहेबांनी विषय बदलला.

तुमचं बाळ राहिलं असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढं द्यायचं. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते, दोन डोसांत निदान चार आठवडे सोडून. कार्ड आईच्या पर्समध्ये ठेवा, ट्रंकेत नको. त्याचा फोटोही काढून ठेवा.

हे सगळं माझ्या भागाचं झालं. ऊसतोडीला येणाऱ्यांचं दुखणं वेगळं, ते त्यांच्या पालावर जाऊन विचारा. खासगी डॉक्टरांचं वेळापत्रकही थोडं वेगळं असतं, तिकडं देत असाल तर त्यांना आधीचं कार्ड दाखवा. बाळ जास्त आजारी असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. साधी सर्दी असली तरी चालतं.

आणि सासऱ्यांना विचारत बसू नका. त्या पोराचा दुसरा डोस कोईमतूरला झाला, सुनेनं कार्डाचा फोटो मला पाठवलाय. त्याचे मला किती मिळाले, हे त्यांनी येत्या जत्रेत विचारावं.