यंत्र चौघांचं, नाव एकाचं

“गटात माझंच मूल राबतं आणि नाव दुसऱ्याचं लागतं. शाळेत जाऊन बोलू का?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून पूर्वी हा प्रश्न स्नेहसंमेलनाच्या नाटकावरून यायचा. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या, मुलांच्या हाती सेन्सर आणि सोल्डरिंग गन आली, तेव्हापासून तो यंत्रांवरून येतो. त्यातला एक अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तासगावच्या बाजूची आई, मुलगी नववीत. दोन आठवडे शाळेची वेळ झाली की मुलीचं पोट दुखायचं. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. कारण आईच्या मते उघड होतं. चार मुलांच्या गटाने बेदाण्याच्या शेडसाठी यंत्र केलं होतं, हवेतला दमटपणा वाढला की भोंगा वाजवणारं. कल्पना हिची, मामाच्या शेडवरून सुचलेली. पण इन्स्पायर मानक योजनेला नाव गेलं गटातल्या एका मुलाचं, आणि १०,००० रुपये आले तेही त्याच्याच खात्यात.

ही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजना. शाळा कल्पना पाठवते आणि निवड झाली की नमुना बनवायला पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. विद्यार्थ्याच्या, म्हणजे एकाच्या. लॅबमध्ये आपण मुलांना गट करायला लावतो आणि अर्जावर एकच नाव लिहितो. हा सांधा मला नेहमीच खटकत आला आहे, म्हणूनच की काय, मी आईची बाजू फार लवकर घेतली. तिच्यासमोरच लॅबच्या सरांना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं. सर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मुलीशी एकदा बोला. मी मध्ये काही सांगत नाही.”

तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

मुलगी आली तेव्हा नावाचा विषय मी काढलाच नाही. कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, मला शेड कळत नाही, काढून दाखव. पंधरा मिनिटं ती थांबली नाही. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइलमध्ये बुडवून जाळीच्या रॅकवर कशी पसरतात, मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पावसाने हवा दमट झाली की माल कसा काळा पडतो, काळ्या बेदाण्याला भाव कसा मिळत नाही. यंत्राची मजा तर वेगळीच. पहिलं मॉडेल रोज पहाटे बोंबलायचं. पाऊस नाही, ढग नाही, तरी भोंगा. चौथ्या दिवशी मामाने बॅटरीच काढून ठेवली.

“मग?”

“मग मी अकरा दिवस वहीत आकडे लिहिले. पहाटे गारवा असतो ना, हवा थंड झाली की आर्द्रतेचा आकडा आपोआप चढतो. पाऊस नसला तरी. मग त्याने कोड बदलला. आता पावसाचे थेंब ओळखणारी पट्टी पण ओली झाली तरच वाजतं.”

‘त्याने’ हा शब्द तिच्या तोंडून अगदी सहज आला. मी विचारलं, अर्जावर नाव कसं ठरलं? बराच वेळ ती पेनचं टोपण काढत-घालत राहिली.

“मीच म्हटलं त्याचं द्या. जिल्ह्याच्या प्रदर्शनात परीक्षक प्रश्न विचारतात. मला नाही जमत. माझा आवाजच फुटत नाही.”

घरी हे सांगायच्या आत आईने स्वतःची गोष्ट जुळवली होती, ती आजोळी पोचवली होती आणि त्या मुलाच्या आईला फोनवर दोन शब्द सुनावलेही होते. तेव्हापासून तो मुलगा हिच्याशी बोलत नव्हता. आता कुठल्या तोंडाने खरं सांगायचं?

तिच्या परवानगीने पुढच्या वेळी आईला बोलावलं. ती बैठक सोपी नव्हती. आई आधी चिडली, मग रडली, मग एकदम म्हणाली, “अगं बाई, मी त्या माऊलीला काय काय बोलले!” माफीचा फोन तिने माझ्या खोलीच्या बाहेर उभं राहून केला, मी काही सुचवण्याआधी. पोटदुखी त्याच आठवड्यात थांबली असं नाही. महिनाभर अधूनमधून राहिली.

सरांची मीही माफी मागितली. त्यांनी एक चांगली गोष्ट केली. लॅबमध्ये कामाची वही सुरू केली. तारीख, काय केलं, कोणी केलं. हिचे पहाटेचे आकडे पहिल्या पानांवर चिकटवले. मुलाने त्या पैशांतून आधीच्या डीएचटी ११ या आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी जास्त अचूक डीएचटी २२ आणला, बिल वहीत लावलं. उरलेल्या दोघांनी डबा कापला, तारा बसवल्या. तेही वहीत आलं, आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद त्या दोघांनाच झाला म्हणे.

तर शाळेत जाऊन बोलायचं का? मुलाला खरंच डावललं असेल तर जरूर जा. मुलींना फक्त चार्ट रंगवायला बसवणारे गट मी पाहिले आहेत, तिथे गप्प बसू नये. पण शाळेच्या फाटकात शिरण्याआधी घरी विचारा, ‘नाव कसं ठरलं?’ त्याऐवजी ‘तुझं नाव का नाही?’ असं विचारलंत तर मूल तुम्हाला हवं तेच उत्तर देईल.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री त्या मुलाचा हिला फोन आला. पहाटेचं ते परत एकदा नीट समजावून सांग, म्हणून. तासभर चालला. दुसऱ्या दिवशी आईने मला हे कौतुकाने कळवलं आणि त्याच दमात विचारलं, “पण मॅडम, या वयात मुलाशी एवढा वेळ फोनवर बोलणं बरं का हो?”