स्कॅनर टूं करते, पण बिलात माल चढत नाही

प्रश्न : घाटंजी तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. पोरानं नागपूरवरून बारकोडची जुनी मशीन आणली, हातातली, अँड्रॉइडवाली. औषधाची बाटली स्कॅन केली का टूं होते, बिलाच्या अ‍ॅपमध्ये नंबर येते पण तिथंच थांबते, दुसरी बाटली मारली का तिचा नंबर पहिल्याच्या शेपटीले चिकटते. अन् बियाण्याच्या पिशवीवर कधी कधी नंबराऐवजी भलीमोठी लिंक येऊन राहिली. मृग तोंडावर आहे. वापस करू का मशीन?

उत्तर : भाऊ, वापस कायले करता? टूं झालं, नंबर आला, म्हणजे मशीन चांगली आहे, सेटिंग राहिली फक्त. अ‍ॅपसाठी ही मशीन म्हणजे कीबोर्डच, आणि नंबर टाकून झाल्यावर एंटर कोणी दाबलाच नाही तर अ‍ॅप वाट पाहत बसणारच.

मशीनमध्ये डेटावेज नावाचं अ‍ॅप असेल तर ती झेब्रा कंपनीची. त्यात नवीन प्रोफाइल (म्हणजे सेटिंगचा एक संच) बनवा, नाव काहीही द्या, आणि सगळ्यात आधी असोसिएटेड अ‍ॅप्समध्ये तुमचं बिलाचं अ‍ॅप जोडा. लोक नेमकं हेच विसरतात, मग बाकी सगळं बरोबर करूनही काही फरक पडत नाही, कारण जोडलं नाही की मशीन आपली प्रोफाइल झिरोवरच, म्हणजे आधीपासूनच्या मूळ सेटिंगवरच चालते. बिलिंग क्रोममध्ये उघडत असाल तर क्रोम जोडा. मग कीस्ट्रोक आउटपुट, त्यात बेसिक डेटा फॉरमॅटिंग, तिथं सेंड एंटर की चालू करा. एंटरनं नाही जमलं तर तो काढून टॅब की लावून पाहा, काही अ‍ॅपले टॅबच लागते. डेटावेज नसेल तर स्कॅनरच्या सेटिंगमध्ये सफिक्स (नंबरामागे आपोआप लागणारी की) शोधा, काम तेच.

लिंकचं म्हणाल तर पिशवीवर बारकोडच्या बाजूलेच क्यूआर छापलेला असतो, जो आधी सापडला तो मशीन वाचते. त्याच प्रोफाइलमध्ये डीकोडर्सच्या यादीत जाऊन क्यूआर बंद करा, ईएएन-१३ आणि कोड १२८ हे रेघांच्या बारकोडचे प्रकार राहू द्या. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये क्यूआर लागत असेल तर काळजी नको, तिथं चालूच राहील. आणि हो, बाटलीचा नंबर १३ अंकी, खोक्यावरचा बहुतेक १४ अंकी, त्यामुळं खोकं मारून बाटलीचं बिल निघत नाही, मशीनले शिव्या देऊ नका.

सगळं जमलं की डेटावेजच्याच सेटिंगमधून एक्सपोर्ट करून फाइल पोराच्या मोबाइलवर ठेवा. कोणी फॅक्टरी रीसेट मारला तर तेवढीच कामी येते.

प्रश्न : वाशिम जिल्ह्यात आमच्या शेतकरी कंपनीचं टिनाचं गोदाम आहे. तुरीच्या पोत्यावरचे स्टिकर एप्रिलपासून स्कॅनच होत नाहीत. स्कॅनरमध्ये काय बदलायचं?

उत्तर : ताई, काहीच नाही. स्टिकर काळपट पडले असतील पाहा. बिनारिबनच्या (शाईची फीत नसलेल्या) प्रिंटरचा कागद उष्णतेनंच छापला जातो, मग टिनाखालच्या उन्हाळ्यात तो आपोआप काळा होतो आणि रेघा दिसेनाशा होतात. रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या. तोवर स्टिकरवर कोडखालचा नंबर मोठ्या अक्षरात छापा, हातानं टाकता येईल.