टाकीतल्या गप्पी माशाच्या फोटोसाठी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स कशाला?

५० एमएम एफ/१.८ लेन्स आहे ना? मग तूर्त १२ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) पुरे; क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) गप्पी जवळजवळ फ्रेमभर येतो. ट्यूब इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टवालीच घ्या, नाहीतर बहुतेक लेन्सवर बॉडीवरून अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, तो एफचा आकडा) बदलता येत नाही.

लेन्स काचेला काटकोनात धरा. जरा तिरकी झाली की खवले फिसकटतात आणि बोल बिचाऱ्या लेन्सला लागतो! खोलीतले दिवे बंद. फ्लॅश ट्रिगरवर (कॅमेऱ्यापासून दूर ठेवून उडवायचा), टाकीच्या काचेच्या झाकणावर, तोंड खाली. कॅमेऱ्यावर ठेवलात तर काचेत पांढरा डाग येणारच. सुरुवात शटर १/२०० सेकंद, एफ/८, आयएसओ २०० वर करा. एफ/१.८ ला डोळा शार्प येतो, शेपूट धूसर. माशामागे फोकस पळवू नका, मॅन्युअलवर एका जागी ठेवून मासा तिथे येईपर्यंत थांबा.