लिस्बनमध्ये तीन दिवस आहेत आणि सोबत सत्तरीतले आई-वडील आहेत. किल्ला, ट्राम आणि बेलेमचा बुरूज सोडून काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये जाताय, आईंचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाची आवड आहे आणि आई शाकाहारी आहेत. मी नोकरीनिमित्त साडेतीन वर्षं लिस्बनला राहिले आणि माझे आई-बाबा तिथे महिनाभर राहून गेले. त्यामुळे पायांचं आणि जेवणाचं गणित अनुभवातून सांगते.

पण आधी एक तारीख लक्षात ठेवा, कारण ती कळली नाही तर हे शहर नुसतं देखणं वाटतं आणि तेवढ्यावरच राहतं. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर समुद्राकडून लाट आत आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. राजवाडा गेला, ग्रंथालय गेलं, त्याच वर्षी उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं. लिस्बनमध्ये कुठलीही वास्तू बघताना बाबांना विचारू द्या, ‘ही त्या सकाळच्या आधीची की नंतरची?’ सगळं शहर त्या एका प्रश्नाने उलगडत जातं.

म्हणून माझ्या मते पहिली जागा कार्मोचा मठ. नुनो आल्वारेश पेरेइरा या सेनापतीने १३८९ मध्ये तो बांधायला घेतला. भूकंपात छप्पर कोसळलं. पुढे दुरुस्ती सुरू झाली, पण ती अर्ध्यावर सोडून दिली. आज तुम्ही दारातून आत जाता, दोन्ही बाजूंना उंच दगडी खांब, वर टोकदार कमानी, आणि कमानींच्या मध्ये थेट निळं आभाळ. खाली हिरवळ. पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि चर्चच्या आत भिजत उभं राहण्याचा तो अनुभव मला अजून सोडत नाही. रविवारी बंद असतं, तेवढं सांभाळा.

बाहेर पडलात की समोरच्या छोट्या चौकात बाकावर बसा. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकातल्या पोलीस दलाच्या बराकीत पंतप्रधान मार्सेलो कायतानो अडकून बसले होते, बाहेर सैनिक आणि हजारो लोक जमले होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी सत्ता सोडली आणि जवळजवळ अर्धशतक चाललेली हुकूमशाही संपली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. आपल्यासाठी त्याला आणखी एक अर्थ आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने ते कधीच मान्य केलं नाही. क्रांतीनंतर आलेल्या सरकारने १९७४ संपता संपता भारताशी करार करून ते मान्य केलं. माझ्या आजीचं माहेर पेडण्याचं. ती जन्माने पोर्तुगीज प्रजा. त्या बाकावर बसून मी आईला फोन केला होता. तुम्ही एप्रिलमध्येच जाताय, तेव्हा पंचवीस तारीख साधता आली तर नक्की साधा. रस्त्यात सगळीकडे लाल फुलं दिसतात.

इथेच एक युक्ती. सांता जुस्ता नावाचा १९०२ सालचा लोखंडी लिफ्टमनोरा बघायला खाली लांबच लांब रांग लागते. त्याचा वरचा पूल कार्मोच्या बाजूलाच येऊन टेकतो. वरून बघा, रांगेत उभे राहू नका.

खाली उतरलात की बायशा, म्हणजे सखल भाग. हा सगळा भूकंपानंतरचा. पुढे मार्केश द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने जुनं सगळं पाडून काटकोनात सरळ रस्ते आखले आणि ते धंद्यांना वाटून दिले. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्या तांबट आळी-कासार आळीसारखंच, फक्त फूटपट्टीने आखलेलं. घरांच्या भिंतींत फुलीच्या आकाराच्या लाकडी चौकटी घातल्या, त्याला तिथे ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली तर पिंजऱ्याने लवचीकपणे हलावं, पडू नये, ही कल्पना. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं तिथे सांगतात. पोंबालने आणखी एक गोष्ट केली, जिचं मला फार अप्रूप वाटतं. देशभरातल्या पाद्रींना त्याने प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? नंतर किती धक्के बसले? समुद्र आधी मागे हटला की आत आला? देवाचा कोप म्हणून सगळे हात टेकून बसले होते त्या काळात हे विचारलं गेलं.

बाबांना हे प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर रुआ दुश कोर्रेएइरुश या गल्लीत एका बँकेच्या इमारतीखालचं उत्खनन बघा. रोमन काळात मासे खारवायच्या दगडी टाक्या आणि पोंबालच्या घरांखाली ओल्या जमिनीत ठोकलेले लाकडी खुंट एकाच तळघरात दिसतात. मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, म्हणून वेळ आधी ठरवून घ्या.

मग रोसिओ चौकाशेजारचं सांव दोमिंगोस चर्च. बाहेरून साधं, आत गेलं की माणूस गप्प होतो. भूकंप तर झेललाच, वर १९५९ मध्ये मोठी आग लागली. पुढे छप्पर नवं घातलं, पण तडकलेले, सोललेले खांब तसेच ठेवले. १५०६ च्या एप्रिलमध्ये याच चर्चमधून सुरू झालेल्या दंगलीत सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल झाली, त्यांचं स्मारक समोरच्या मोकळ्या जागेत आहे. ज्यांना गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, इतिहास माहीत आहे त्यांनी इथे थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आता गुडघ्यांचं. लिस्बन म्हणजे चढ-उतार, आणि पायवाटा सगळ्या छोट्या चुनखडी दगडांच्या. पाऊस पडला की त्या तेल सांडल्यासारख्या निसरड्या होतात. माझे बाबा तिथे घसरले होते, मनगट सुजलं. रबरी तळव्याचे बूट घ्याच. अल्फामा या जुन्या वस्तीत खालून चढत जाऊ नका. फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी जाते. वर उतरा आणि उतारावरून हळूहळू खाली या. वाटेत सांता लुझियाचा सज्जा लागतो, तिथे आईंना अर्धा तास बसवा. समोर लाल कौलं आणि तेजू नदी. अल्फामा खडकाळ टेकडीवर असल्यामुळे त्याचा बराच भाग भूकंपातून वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अजून अरबी काळासारख्या वाकड्यातिकड्या. किल्ल्याच्या आत गेला नाहीत तरी चालेल. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला त्यात फारसं काही मिळत नाही. अठ्ठावीस नंबरची ट्राम सुंदर आहे, पण दुपारी त्यात उभं राहायलाही जागा नसते आणि खिसेकापूंचं ते आवडतं ठिकाण आहे. बसायचंच असेल तर सकाळी लवकर, मार्तिम मोनिशच्या पहिल्या थांब्यावरून.

दुसरा दिवस बेलेमला द्या. पंधरा नंबरच्या ट्रामने किंवा काइश दु सोद्रेहून लोकलने जाता येतं. हा भाग भूकंपातून बराच निभावला. जेरोनिमोस मठ मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला, म्हणजे त्यात आपल्या किनाऱ्यावरची मिरीही आहे. दगडात कोरलेले दोर, नांगर, समुद्री वनस्पती बघत हळू चाला. चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर आहे. १५२४ मध्ये तो कोचीला वारला आणि त्याच्या अस्थी बऱ्याच फिरून १८८० मध्ये इथे आल्या. समोर कवी कामोइंशची कबर. कामोइंश गोव्यात राहिला होता. मला त्या कबरीपाशी राग आला नाही, अभिमान तर नाहीच. आजीच्या तोंडचं ‘जनेल’ आठवलं, खिडकीला ती तेच म्हणायची.

बेलेमच्या बुरुजात आत जाण्यासाठी तिष्ठत बसू नका, पण बाहेरून एक गोष्ट शोधा. एका कोपऱ्यातल्या छोट्या बुरजाखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिलेला खराखुरा गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला आला. युरोपने कित्येक शतकांत गेंडा पाहिला नव्हता. त्याला तिथे ‘गांदा’ म्हणत, म्हणजे आपला गेंडाच. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो बिचारा इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडून मेला. बुरूज तेव्हा बांधून होत होता.

जेवणाचं: बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह आणून ठेवतात. ते फुकट नसतं, नको असेल तर परत न्यायला सांगा. हिरव्या भाजीच्या ‘काल्दु वेर्द’ सुपात सॉसेजची चकती असते, म्हणून आईंसाठी आधी विचारा. लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांचा तिथल्या हिंदू समाजात मोठा भाग आहे. माझी आई तिथे वरणासारखी डाळ बघून अक्षरशः खुलली. आणि बाजारात कान उघडे ठेवा. पाव, बटाटा, साबण, चावी, अननस, लिलाव, नाताळ हे शब्द तिथे थोड्या वेगळ्या उच्चारात सारखे कानावर पडतात. आईने भाजीवालीकडे बोट न दाखवता ‘बटाटा’ मागितला आणि मिळाला!

तिसऱ्या दिवशी सिंत्राला जायचा मोह होईल. राजवाडे सुंदर आहेत, पण चढ आणि गर्दी दोन्ही आहे. तुमच्या जागी मी अझुलेजु म्हणजे रंगीत चकाकत्या फरश्यांचं राष्ट्रीय संग्रहालय निवडेन. जुन्या मठात आहे आणि चालायला सोपं आहे. साधारण १७०० च्या सुमारास फरश्यांवर रंगवलेलं लिस्बनचं नदीकाठचं दृश्य तिथे आहे, सुमारे २३ मीटर लांब. भूकंपाआधीचं शहर जसंच्या तसं त्यात आहे. पडलेला राजवाडा त्यात उभा आहे, कार्मोला छप्पर आहे. म्हणूनच ते शेवटच्या दिवशी बघा, दोन दिवस अवशेष पाहून झाल्यावर. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात आणि अधूनमधून दुरुस्ती चालते, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तपासा.

त्या संध्याकाळी काइश दु सोद्रेहून नदीपलीकडच्या कासिल्याशला जाणारी साधी प्रवासी बोट पकडा. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास, बसूनच. जाताना नाही, परतताना उजेड कमी झाल्यावर शहराकडे तोंड करून बसा. माझे बाबा त्या संग्रहालयातून थेट बोटीवर आले होते आणि किनारा येईपर्यंत एकेका टेकडीकडे बोट दाखवून त्यावर आधी काय होतं ते आईला सांगत होते.