बीई झालंय, जर्मनीत मास्टर्स खरंच फुकटात होतं का? घरून फार पैसे मिळणार नाहीत

बऱ्याचशा सरकारी युनिव्हर्सिटीत ट्युशन फी नाही हे खरंय, पण फुकट म्हणू नका. मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे आणि तिकडे पोचलात की त्यातलेच ९९२ युरो महिन्याला तुम्हाला मिळत राहतात, म्हणजे पैसे बुडत नाहीत पण एकरकमी उभे करावे लागतात आणि घरच्यांना घाम फुटतो तो इथेच. बँकेला लोन मागताना आधीच विचारा की फी नसलेल्या कोर्सला राहण्याखाण्याचा खर्च किती धरणार.

त्याआधी एपीएस सर्टिफिकेट (तुमचे शिक्षणाचे कागद खरे आहेत हे तपासून मिळणारं), १८,००० रुपये, आणि ते लवकर करा, मार्कशीट-डिग्रीचे कागद गोळा करण्यातच वेळ जातो (आपल्या युनिव्हर्सिट्या माहितीच आहेत). युनि-असिस्टमधून (बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिट्यांचे अर्ज एकाच ठिकाणी घेणारं पोर्टल) अर्ज केलात तर पहिल्याला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०, त्यामुळे पंधरा ठिकाणी भरत बसू नका, सहा-सात नीट निवडा.

आणि हो, श्टुटगार्ट-कार्ल्सरुह बघत असाल तर त्या राज्यात आपल्यासारख्या युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, टीयू म्युनिकनेही २०२४-२५ पासून फी सुरू केलीये. आखेन किंवा टीयू बर्लिनला नेहमीच्या मास्टर्ससाठी फक्त सेमिस्टरची वर्गणी.

पार्टटाइम जॉबवर पहिल्या सेमिस्टरचं गणित मांडू नका, जर्मन येत नसेल तर तो मिळायला वेळ लागतो.