डावी गिटार दबलेली वाटत असेल, तर शंभर तास थांबू नका

तुमचा प्रश्न वाचताना मला माझाच सहा वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला. तुम्ही आठ हजारांच्या आत क्लोज्ड-बॅक (म्हणजे मागून बंद कपांचे) हेडफोन घेतले, मेटल संगीत ऐकताना डाव्या बाजूची गिटार मागे पडते, विक्रेता म्हणतो की शंभर तास वाजू द्या म्हणजे आवाज खुलेल, आणि आज पाचवा दिवस आहे. तर थांबावे की परत करावे, असे तुम्ही विचारले आहे. थांबू नका. परत करण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते आधी पाहून घ्या आणि मग पुढचे वाचा.

मेटलमध्ये ऱ्हिदम गिटार बहुधा दोनदा, स्वतंत्रपणे वाजवून ध्वनिमुद्रित केली जाते आणि एक वादन पूर्ण डावीकडे, तर दुसरे पूर्ण उजवीकडे ठेवले जाते. गायक, किक ड्रम आणि बेस गिटार मध्यभागी राहतात. त्यामुळे एका बाजूचा ड्रायव्हर (कपातील छोटा स्पीकर) थोडासा कमजोर असेल, तर ज्याचे लक्ष मुख्यतः गायकाकडे असते त्या श्रोत्याला ते कित्येक महिने जाणवणारही नाही. मेटल ऐकणाऱ्याला मात्र गिटारच्या पहिल्याच रिफला (पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीला) एका बाजूची भिंत खचल्यासारखी वाटते. म्हणून हा तुमचा भास आहे असे कोणी सांगितले, तर ते लगेच मान्य करू नका.

खात्री करून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बाजूच्या तोलाची पट्टी असते. ती बरोबर मध्यावर आहे ना, ते प्रथम पाहा. तिथेच मोनो ऑडिओ (दोन्ही कानांना एकच आवाज) चालू करा आणि कोणतेही ओळखीचे गाणे लावा. आता सगळा आवाज कपाळाच्या मध्यभागी यायला हवा. तो उजवीकडे सरकलेला वाटला, तर हेडफोन उलटे घाला, म्हणजे डावा कप उजव्या कानावर येईल. कमजोरी त्याच कानाकडे राहिली तर दोष कानातील मळात किंवा कप नीट न बसण्यात शोधावा लागेल; ती कपाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष बहुधा हेडफोनचा, पण केबल आणि फोन बदलूनही एकदा तपासा, कारण उलटे घातले तरी केबलचा किंवा फोनचा दोष कपाबरोबरच फिरतो. चष्मा असेल तर ही चाचणी चष्मा काढून करा. चष्म्याच्या काडीमुळे कुशन आणि त्वचा यांच्यात बारीक फट राहते, बंद कपातील हवा तिथून निसटते आणि सर्वांत आधी खालचा बेस जातो. मी स्वतः चष्मा लावतो आणि माझी डावी काडी किंचित वाकलेली होती, त्यामुळे पहिले दोन दिवस मी चष्म्यालाच दोष देत राहिलो.

माझी खरी चूक त्यानंतरची आहे. विक्रेत्याच्या ग्राहक सेवेने मलाही शंभर तासांचाच सल्ला दिला आणि मी तो इमानदारीने पाळला. रोज रात्री हेडफोन उशीखाली ठेवून गाणी चालू ठेवायचो आणि वहीत तास लिहायचो. ऐंशीव्या तासापर्यंत पोहोचलो तेव्हा परत करण्याची दहा दिवसांची मुदत उलटून गेली होती. मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या माणसाने आपल्या फोनवर एक चित्रपटगीत लावले, दोन्ही कप आळीपाळीने कानाला लावले, ‘दोन्ही बाजू वाजतायत की’ असे म्हणून जॉब शीटवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले आणि शिक्का मारला. एकूण तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस मोनोची चाचणी मी त्यांच्यासमोर करून दाखवली, तेव्हा त्यांनी तक्रारीचा विषयच बदलला आणि बिल अधिकृत विक्रेत्याचे नसल्याने वॉरंटी लागू नाही, असे सांगितले. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. माझे पैसे गेलेच, पण स्वतःच्या कानांवरचा विश्वासही काही महिने गेला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

वापराने ड्रायव्हरचा आवाज किती बदलतो यावर जाणकारांत मतभेद आहेत. कुशन मऊ होतात आणि आपला कान नव्या आवाजाला सरावतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. पण डाव्या-उजव्या बाजूंतील स्पष्ट फरक वाजवून वाजवून भरून निघेल, यावर माझा विश्वास नाही.

पैसे परत मिळाले तर पुढे काय घ्यावे, याविषयी माझे मत ठाम आहे, मात्र डोके, कान आणि संगीत प्रत्येकाचे वेगळे असते हे लक्षात ठेवून ते वाचावे. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ असे लिहिलेले काहीही मेटलसाठी घेऊ नका. २०० बीपीएमच्या (मिनिटाला २०० मात्रांच्या) गाण्यात दोन्ही पायांनी वाजवलेल्या किक ड्रमचे, म्हणजे डबल बेसचे, सोळांश ठोके (मात्रेला चार) सेकंदाला तेरा पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम ७५ मिलिसेकंदांचे अंतर राहते. फुगवलेल्या बेसमध्ये हे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते आणि गिटारचा खालचा भागही त्याखाली झाकला जातो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स मला या कामासाठी सर्वांत समतोल वाटतो. ३५ ओहमचा (ओहम हे विद्युत विरोधाचे माप; ते कमी असेल तर फोनला हेडफोन वाजवणे सहसा सोपे जाते) असल्याने तो फोनवर सहज चालतो आणि त्याची केबल काढून बदलता येते. बजेट कमी पडले तर एम२०एक्स चालेल, पण त्याची केबल कायमची जोडलेली आणि तीन मीटर लांब आहे, त्यामुळे बसमध्ये तिचा त्रास होतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो जुना मिळत असेल तर तो २५० ओहमचा नाही ना, हे आधी विचारा. फोनवर ऐकायचे असेल तर ३२ किंवा ८० ओहमचा बरा. ८० ओहमच्या मॉडेलच्या मखमली कुशनमध्ये घाम कमी येतो, ही मुंबई-कोकणच्या हवेत मोठी सोय आहे, पण त्याचा ट्रेबल (वरच्या पट्टीतला आवाज) तीक्ष्ण असल्याने झांजांचा मारा असलेला ब्लॅक मेटल हा प्रकार तासभर ऐकल्यावर मला थकवा येतो. असा ट्रेबल इक्वलायझरने कमी करता येतो. मात्र इक्वलायझरमधला एखादा पट्टा वाढवणार असाल, तर तेवढाच एकूण आवाज आधी खाली आणा, नाहीतर डिजिटल आवाज फाटतो आणि मेटलच्या डिस्टॉर्शनमध्ये (गिटारच्या मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजात) ते फाटणे चटकन ओळखू येत नाही.

सध्या मात्र नव्या मॉडेलचा शोध बाजूला ठेवा. विक्रेत्याशी फोनवर बोलत बसू नका, आजच लेखी कळवा. ईमेलमध्ये ऑर्डर क्रमांक, माल मिळाल्याची तारीख आणि ‘दोन वेगवेगळ्या फोनवर, मोनो आवाजात डावी बाजू कमी ऐकू येते’ हे एक वाक्य पुरेसे आहे. शंभर तासांचा सल्ला त्यांनी चॅटवर दिला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. त्यांनी टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी वकील नाही, त्यामुळे कायदेशीर बाजू तिथेच विचारून घ्या. खोके, आतील थर्माकोल आणि प्लॅस्टिकची पिशवी यांतले काहीही टाकून देऊ नका. माझ्या घरी ते खोके चौथ्याच दिवशी रद्दीत गेले होते.